उजव्या अंगाची जागा

तो आला त्या दिवशी गाडीचा फळका खाली टाकल्यावरही तो लगेच उतरला नाही. इतर घोडे असे अडून बसतात तेव्हा घाबरलेले असतात. डोळ्यांचं पांढरं दिसतं, पाय आपटतात, घामाने मान काळी पडते. हा मात्र शांत उभा होता. मान उजवीकडे वळवून, शेजारच्या कुणाला आधी उतरू द्यावं तसा तो थांबला आणि मग सावकाश खाली आला. तांबडा, उंच, कपाळावर बोटभर पांढरा टिळा. त्याच्याबरोबर आलेल्या ड्रायव्हरने दोर माझ्या हातात दिला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

मी तेव्हा या कामात नवखीच होते. आयुष्यभर तळेगावात औषधांचं दुकान चालवलं. नवरा गेल्यावर ते भाचीच्या हवाली केलं आणि एका ओळखीच्या बाईंनी विचारलं म्हणून लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, पठारावरच्या त्यांच्या फार्मवर जायला लागले. शर्यतीतून काढलेले घोडे त्या सांभाळतात. आधी मी नुसतं औषधपाणी बघायला जायची. मग एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, मी तिथेच अडकले, आणि रस्ता सुरू झाल्यावरही खाली उतरले नाही.

बाईंच्या वडिलांनी हौसेने घोडे पळवले होते. बाई त्यांना म्हातारं होऊ देतात. त्या फार बोलत नाहीत. तिसरी आमची मावशी, खालच्या ठाकरवाडीतली. ती गवत कापते, तबेला झाडते आणि घोड्यांशी दिवसभर भांडते. कामाला माणसं येतात-जातात, पण खरं बिऱ्हाड आम्हा तिघींचंच.

शर्यतीच्या घोड्याला जगातलं काहीच ठाऊक नसतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. लहानपणापासून तो खोलीत राहिलेला असतो, ठरल्या वेळी बाहेर काढलेला, ठरल्या वाटेने फिरवलेला. जमिनीवरचं गवत तोंडाने तोडून खायचं असतं हे काहींना शिकवावं लागतं. मोकळं सोडलं की ते कुंपणाजवळ येऊन उभे राहतात, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. पहिले काही आठवडे त्यांच्याकडे बघवत नाही. मग हळूहळू ते चिखलात लोळायला लागतात आणि माणसात, म्हणजे घोड्यात, येतात.

एक गोष्ट मात्र त्यांच्यातून जात नाही. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाकडे गर्दी उसळते. वारा त्या बाजूचा असला की गाड्यांचे भोंगे आणि हजारो माणसांचा एकच गलका पठारावर येतो. शब्द कळत नाहीत, नुसता चढत जाणारा गजर. तो आला की आमचे सगळे घोडे चरायचे थांबतात. कान एकाच दिशेला होतात. कुणी हाकललेलं नसताना एकेक करून ते कुंपणापाशी येतात आणि ओळीत उभे राहतात, पाय गोळा करून, कातडी थरथरवत. ज्यांचे सांधे गेलेत तेसुद्धा. वारा पडला की ओळ मोडते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हातातली बादली खाली ठेवायचं भान राहिलं नव्हतं.

तांबडा आल्यावर त्या ओळीत एक फरक पडला. तो उभा राही, पण त्याच्या उजव्या अंगाला एका घोड्याएवढी जागा मोकळी राही. पलीकडचा घोडा त्या जागेच्या पलीकडे उभा. मला वाटलं, नवा आहे, बिचकतात त्याला.

मग पाण्याच्या हौदावरही तेच दिसलं. हौद लांबट आहे, सगळे एकमेकांना रेटत, कान पाडत पाणी पितात. तांबड्याच्या डाव्या बाजूला एक राखी म्हातारी घोडी त्याला खेटून उभी असायची. उजव्या बाजूला कुणी नाही. तहानेने हपापलेले घोडे मागे ताटकळायचे, पण तिथे तोंड घालायचे नाहीत. आमच्याकडे एक काळा घोडा होता, अत्यंत भांडखोर. त्याला कुणाचीच भीती नव्हती. तो एकदा त्या मोकळ्या जागेकडे गेला, मध्येच थबकला, फुरफुरला आणि पाठ न दाखवता मागे सरकत आला.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तांबड्याच्या उजव्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिली, बोट फिरवून पाहिलं, कानामागे टाळी वाजवली.

"डोळा चांगला आहे," ते म्हणाले. "कानही. मागे कधी त्या बाजूला मार लागला असेल. आठवण राहते त्यांना."

"त्याला राहील," मी म्हटलं. "बाकीच्यांना कशी?"

डॉक्टर हसले आणि बॅग बंद करायला लागले.

मावशीने मात्र कधीच कुणाला विचारलं नाही. ती वैरण टाकताना तांबड्याच्या डावीकडून जायची, मागून लांब वळसा घालायची आणि पुढचं काम करायची. एकदा मी तिला हटकलं.

"मावशी, उजवीकडून का नाही जात?"

"तुमी तरी कुटं जाता, ताई?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की खरंच जात नव्हते. त्याला खरारा करताना डावी बाजू झाली की मी पलीकडे न जाता, त्याच्या मानेखालून हात घालून उजवी बाजू करायची. केव्हापासून हे सांगता आलं नसतं. बाईसुद्धा त्याला गाजर द्यायच्या ते डाव्या हाताला उभ्या राहून. आम्ही तिघी शहाण्यासुरत्या बायका एका रिकाम्या जागेला वळसा घालत होतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

मला त्याचा राग आला. दुकानात मी आयुष्यभर लोकांना ताईत सोडून गोळी घ्यायला सांगितलेली बाई. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन पडलेलं असताना, तो हौदावर पाणी पीत होता तेव्हा मी सरळ चालत गेले आणि त्याच्या उजवीकडे, त्या जागेत, जाऊन उभी राहिले.

काही झालं नाही. हौदाच्या कडेला हात टेकवून मी उभी होते. पाणी हलत होतं, ऊन चमकत होतं. मग मला जाणवलं की सगळ्या घोड्यांनी पाणी प्यायचं थांबवलंय. कुणी पळालं नाही, कुणी खिंकाळलं नाही. ओल्या तोंडांनी ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडांवरून पाणी हौदात ठिबकत होतं तेवढाच आवाज. तांबड्याने मान वर केली. माझ्या खांद्याला कपाळ लावलं आणि मला ढकललं. जोरात नाही. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिलेल्या पोराला आपण दंडाला धरून बाजूला घेतो, तसं. एक पाऊल, आणखी एक पाऊल, त्या जागेच्या बाहेर निघेपर्यंत. मग त्याने पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

मी घरात येऊन साडीचा पदर पाहिला. डावी बाजू, जिकडे त्याचं तोंड लागलं, ती ओली होती. उजवा खांदाही ओला होता. उजवीकडे कुणी नव्हतं. पाणी उडालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि साडी बदलली.

श्रावणाच्या सुरुवातीला एक पाहुणा आला. पुण्याहून एसटीने लोणावळ्यापर्यंत आणि तिथून रिक्षाने. वयस्क, बारीक, पांढरी दाढी, हातात गुळाची ढेप. तो तांबड्याचा सईस होता. सईस म्हणजे घोड्याचं सगळं बघणारा, त्याच्याजवळच झोपणारा माणूस. कित्येक वर्षं पुण्यात काढलेली, तरी मराठीत हिंदी मिसळलेलं. घोडा कुठे गेला याचा पत्ता काढत तो आला होता.

फाटकाच्या आत पाऊल टाकायच्या आधी त्याने विचारलं, "मॅडम, अजून जागा सोडतो का हा?"

बाईंनी हातातला मग खाली ठेवला.

ओट्यावर चहा घेत त्याने सांगितलं. तांबडा आणि एक घोडी एकाच पागेत जन्मले, एकाच गाडीतून आले, शेजारच्या खोल्यांत राहिले. मधल्या भिंतीला वर गज होते. दोघं नाकं गजांना लावून उभी राहायची. सरावालाही जोडीने काढायचे, ती आतल्या बाजूला, कठड्याला धरून, हा तिच्या डावीकडे. आपल्याकडे घोडे उजवीकडे वळत पळतात, त्यामुळे आतली बाजू म्हणजे उजवी.

"एका शर्यतीत दोघं होते," सईस म्हणाला. "शेवटच्या वळणावर ती आत, हा बाजूला. एकदम बरोबर चालले होते. तिचा पाय गेला. खाली आली. हा पळत राहिला, मॅडम. त्याला काय माहीत? दुसरा आला. सगळे मला म्हणाले, शाब्बास. आणि मी तिकडे बघत होतो, तिच्या भोवती पडदा धरला होता तिकडे."

पाय मोडलेल्या घोड्याला पडद्याआड कायमचं झोपवतात, ते त्याने सांगायची गरज नव्हती.

"त्यानंतर हा आतून पळेचना. कठड्याजवळ जागा असली तरी एका घोड्याची जागा सोडून पळायचा. जॉकी मारायचा, तरी नाही. हरायला लागला. मग काढून टाकला."

मावशी उंबऱ्याजवळ पाय दुमडून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मंग ती बी हितंच आली म्हना की."

सईसने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जाताना तो तांबड्याच्या डाव्या कानात बराच वेळ काहीतरी बोलला. मग ढेपेतून गुळाचे दोन खडे काढले. एक त्याला दिला आणि दुसरा त्याच्या उजव्या अंगाला, कुंपणाच्या खांबावर ठेवला. खडा नंतर मुंगळ्यांनी नेला. तो मुंगळ्यांनीच नेला, मी उभं राहून पाहिलं. मला ते पाहायचंच होतं.

त्याच महिन्यात तो रविवार आला. सकाळपासून धुकं इतकं दाट की ओट्यावरून तबेला दिसत नव्हता. दुपारी मुंबईकडची चार-सहा मुलं फोटो काढायला म्हणून आत शिरली. बाईंनी त्यांना बाहेर काढलं, पण जाताना मागचं फाटक त्यांनी उघडं टाकलं. आम्हाला कळलं तेव्हा घोडे पांगले होते. बादली वाजवल्यावर एकेक करून परत आले. तांबडा आला नाही. बाई फाटकावर थांबल्या, मावशी वाडीच्या वाटेने गेली आणि मी दोर घेऊन कड्याच्या बाजूला निघाले.

पठारावर धुक्यात चालणं म्हणजे डोक्यावर ओलं पांघरूण घेऊन चालण्यासारखं आहे. पायापुरती जमीन दिसते, पलीकडे काही नाही. फोनला रेंज नव्हती. मी हाका मारत होते आणि हाक तोंडापासून हातभर जाऊन विरत होती. बरंच चालल्यावर कातळावर तो दिसला, नुसती तांबूस सावली. पाठ माझ्याकडे. पुढे कुठेतरी बघत उभा.

मी त्याच्या डाव्या अंगाने गेले, तोंडावरच्या पट्ट्याला दोर अडकवला. त्याने विरोध केला नाही. आपण कुठे आहोत हे मला तोवर कळेनासं झालं होतं, म्हणून दोर ढिला सोडला. घोड्याला घर कळतं, तो नेईल. तो वळला आणि चालायला लागला. मी त्याच्या डाव्या खांद्याशी, हात त्याच्या मानेवर.

थोडं गेल्यावर मला टापा ऐकू आल्या. त्याच्या पायाखाली चिखल होता, त्याची पावलं पचपच वाजत होती. या टापा तशा नव्हत्या. कोरड्या, कडक, रोलर फिरवून टणक केलेल्या मैदानावर वाजाव्यात तशा. त्याच्या उजवीकडून येत होत्या, आमच्या पावलाला पाऊल जुळवून.

मला आधी भीती वाटली नाही. वाटलं, पॉइंटवर पर्यटकांना फिरवणाऱ्यांपैकी कुणाचा तरी घोडा सुटून आलाय. मी ओरडले, "कुणाचा घोडा आहे? कुणी आहे का तिकडे?"

मी तांबड्याला थांबवलं. तो थांबला. पलीकडे आणखी दोन टापा पडल्या आणि मग तेही थांबलं. त्याच्या पाठीपलीकडे कुणीतरी नाकातून श्वास सोडला. लांब, फुरफुरणारा, दमलेल्या घोड्याचा. तांबड्याचे दोन्ही कान उजवीकडे वळले होते. ते सैल होते. त्याला तो आवाज ओळखीचा होता.

मी मागे पळायला हवं होतं. तरी बघावंसं वाटलं, हे मला आजही समजत नाही. मी त्याच्या गळ्याखालून वाकून पलीकडे जायला निघाले. त्याने मान खाली आणली आणि आडवी धरली, माझ्या छातीवर. मी रेटलं. तो हलला नाही. मला मागे, डावीकडे लोटलं आणि मग पुन्हा चालायला लागला. टापाही सुरू झाल्या.

तेवढ्यात गाडीची शिट्टी वाजली. घाटातून खंडाळ्याकडे चढणारी मालगाडी. ती शिट्टी उजवीकडून आली आणि खालून आली, माझ्या पायांच्याही खूप खालून.

मग वारा आला आणि धुकं पडदा ओढल्यासारखं एका बाजूला गेलं. तांबड्याच्या उजवीकडे एका घोड्याच्या रुंदीची गवताची पट्टी होती. तिच्यापलीकडे काही नव्हतं. दरी होती. समोरच्या कड्यावरून पडणारे धबधबे वाऱ्याने उलटे उडत होते, आणि खाली, काडेपेटीएवढी, गाडी बोगद्यात शिरत होती. गवताच्या पट्टीवर कुणीही नव्हतं. आम्ही कड्याच्या अगदी कडेने चाललो होतो, आणि तो ती एवढी जागा सोडून चालला होता.

धुकं पुन्हा मिटलं. त्यानंतर मला टापा ऐकू आल्या नाहीत. मी त्याच्या आयाळीला दोन्ही हातांनी धरून चालत राहिले. "ओ ताईऽऽ" अशी मावशीची हाक आली तेव्हा फार्मचं कुंपण समोर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं निवळलं तेव्हा मावशी आणि मी तिकडे गेलो. तांबड्याच्या खुरांचे ठसे चिखलात स्वच्छ होते, त्यांच्या डाव्या बाजूला माझ्या चपलांचे. उजवीकडच्या पट्टीत एक काडीसुद्धा वाकलेली नव्हती. मी पुढे पाऊल टाकणार तोच मावशीने माझा दंड धरला.

"थांबा." तिने काठी त्या गवतात घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली, कुठेही न टेकता. "हितं जमीनच न्हाई ताई. पान्यानं खालून समदी खाल्लीया. नुसतं गवात हाय वर."

आम्ही दोघी मागे सरकलो. मी मागच्या कातळावर बसले. मावशी उभीच होती, दरीकडे बघत.

"त्याने त्या बाजूला जागा सोडली नसती तर..." मी म्हणाले.

"ती हुती म्हून सोडली," मावशी म्हणाली. "चला आता. हितं लय बसू नगा."

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाहेर कुणाला सांगू नकोस. लोक मोबाईल घेऊन बघायला येतील." त्या आठवड्यातच त्यांनी कड्याच्या बाजूने तारेचं दुहेरी कुंपण घालून घेतलं आणि फाटकाला कुलूप आलं.

हौदावरचं दृश्य मात्र त्या रविवारनंतर बदललं. तांबडा आला, पाणी प्यायला लागला आणि त्याच्या उजवीकडे तो काळा भांडखोर घोडा येऊन खेटला. कान पाडून, नेहमीच्या उर्मटपणाने. तांबड्याने त्याला चावायला तोंड उघडलं, दोघांची जरा झोंबी झाली आणि मग दोघं खांद्याला खांदा लावून पाणी प्यायले. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी तिथे उभी राहून कड्याच्या दिशेने बघत होते. इतकी वर्षं त्याच्या शेजारी जे होतं ते आता त्याच्या शेजारी नव्हतं. ते तिकडे कड्यावर राहिलं होतं, त्या पोकळ गवताच्या पट्टीवर, एवढंच मला कळत होतं. मावशी त्या बाजूला गवत कापायला आजही जात नाही.

पाऊस ओसरल्यावर, ऊन चांगलं तापायला लागलं तेव्हाची गोष्ट. सकाळी मी औषधांची पेटी घेऊन बाहेर आले तर तांबडा कुरणाच्या मधोमध आडवा पडला होता. मान लांब, पाय ताठ. आल्यापासून त्याला कुणी कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं, तो उभ्याउभ्याच डुलक्या घ्यायचा. मी पेटी टाकून धावले. बाई ओट्यावरून अनवाणी उतरल्या. मावशीने खराटा फेकला.

जवळ गेलो तर तो घोरत होता. मोठ्याने, एखाद्या म्हाताऱ्यासारखा, खालचा ओठ गवतावर सांडून. मावशीला हसू फुटलं, मग बाईंना, मग मला. हसताहसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी त्याच्या मानेशी बसले. उन्हाने त्याचं अंग कोमट झालं होतं.

आम्ही बघत असतानाच त्याचे पाय हलायला लागले. झोपेतच, चारही, एका लयीत, आधी सावकाश आणि मग वेगाने. पापण्यांच्या आत डोळे फिरत होते. नाकपुड्या फुलल्या. मावशीचं हसू थांबलं. तो कुठल्या वळणावर होता, कुणाबरोबर, देव जाणे.

"उठवू का?" मी विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "पळू दे त्याला."

मावशीने खराटा उचलला आणि झाडायला गेली. बाईंनी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी मात्र तो उठेपर्यंत तिथेच बसून राहिले.